रबरी बोट, आपलं कुत्रं आणि तापीचं पाणी

राम राम मंडळी. काय भाऊ, काय ताई, बरं शे ना सगळं? आज मला तुमच्याशी कुत्र्यांबद्दल बोलायचंय, म्हणजे कुत्रं आणि ती हवा भरायची छोटी बोट, या दोघांबद्दल. अशा रबरी बोटी आपल्याकडे आता दिसायला लागल्यात, ऑनलाइन मागवायची, पायपंपाने फुगवायची, कारच्या डिकीत मावते, मग रविवारी पोरं तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला जातात नाहीतर वाघूर, गिरणा धरणाला, कोणी मासे धरतं, कोणी नुसतं फिरतं. आधी या पाण्यावर आपले भोई-कोळी बांधवच असायचे, थर्माकोलचा तराफा किंवा ट्रकची ट्यूब घेऊन. आता घरची मंडळी असतात आणि घरचं कुत्रं पण असतं, कारण ते मागं राहायला तयारच नसतं.

आणि न्यावंच त्याला, मी न्या म्हणणाऱ्यातली आहे. पण माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी आज परत परत सांगणार, कुत्र्याची बोटीतली सेफ्टी पाण्यावर ठरत नाही, अंगणात ठरते. पाण्यावर गेल्यावर शिकवायला वेळच नसतो. पंचवीस-तीस किलोचं लॅब्राडोर एकदम बिथरून एका बाजूला गेलं तर छोटी बोट तेवढ्यात कलते, आणि आपण त्याला धरायला त्याच बाजूला झुकतो, मग संपलंच.

म्हणून बोट आधी घरी फुगवा. पंप चालू असताना कुत्र्याला लांब ठेवा, त्या फुसफुस आवाजाला बरीच कुत्री घाबरतात आणि मग बोटीचाच राग धरतात. फुगली की त्याला हुंगू द्या, दोन-चार दिवस त्याचं जेवण बोटीतच द्या, मग तुम्ही आत बसा आणि त्याला बोलवा, ओढून आणू नका. तो आत निवांत बसायला लागला की बोट हाताने हळूहळू हलवा, वल्हं आपटून आवाज करा, इंजिन असेल तर तेही लांबून ऐकवा. आणि दोन गोष्टी पक्क्या करून घ्या, बस म्हटलं की बसायचं आणि चल म्हटल्याशिवाय उतरायचं नाही. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे हो, कारण काठ जवळ आला की कुत्रं उडी मारतं, ती उडी अर्धवट पडते, बोट मागं ढकलली जाते आणि कुत्रं बोट आणि दगडाच्या मधे. माझी चंपी गावठी आहे, तिला कोणी ट्रेनिंग सेंटरला पाठवलं नव्हतं, भाकरीच्या तुकड्यावर शिकली. गावठी कुत्रं शिकत नाही असं म्हणणाऱ्यांचं मला बिलकुल पटत नाही.

आता बोट कुठली. स्विमिंग टँकमधे खेळायची जी पातळ प्लास्टिकची बोट मिळते ती कुत्र्यासाठी नाहीच, नख लागलं की गेली. चांगल्या बोटीचं कापड म्हणजे मधे विणलेलं पॉलिएस्टर आणि दोन्ही बाजूंनी पीव्हीसी, आणि तिचे हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, एक फुटला तरी बाकीचे तरंगवतात. बोटीवर किती माणसं आणि किती किलो ते लिहिलेलं असतं, त्यात कुत्र्याचं वजन धरा, आणि ते एका जागी बसत नाही म्हणून थोडी जागा शिल्लकच ठेवा.

लोकांना सगळी भीती नखांची वाटते. नखं कापावीत, टोकं घासून गोल करावीत, आतल्या नसेपर्यंत कापू नये, पण जाड कापडाच्या बोटीला नखापेक्षा जास्त धोका काट्याचा आहे. आपल्याकडे धरणाच्या काठाला काय असतं, वेडी बाभूळ आणि सराटे. कुत्रं काठावर धावून येतं, पंज्यात सराटा रुतलेला असतो, काळ्या मातीचा चिखल आणि त्यात बारीक खडे, आणि ते सगळं घेऊन ते बोटीच्या कडेच्या फुगवलेल्या ट्यूबवर चढतं. म्हणून बोटीत घ्यायच्या आधी चारही पंजे बोटं फाकवून बघा, पाण्याने धुवा. त्याचाही त्रास वाचतो आणि बोटही वाचते. आत खाली योगा मॅट किंवा मागं रबर असलेली चटई टाका, पाय रोवता आला की कुत्रं आपोआप शांत होतं. नुसती चादर टाकू नका, ती सरकते आणि कुत्रं घसरून जास्त घाबरतं. त्याची जागा मधे, खाली, तुमच्या पायांजवळ. ट्यूबवर बसवून फोटो काढायचा मोह होतो, पण नको.

ऊन. हे तर खान्देशात सांगायलाच नको, मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. पण माणसाला वाटतं पाण्यावर गार असेल, आणि तिथेच घोळ होतो, कारण पाण्यावरून ऊन परत अंगावर येतं, सावली कुठेच नाही आणि काळ्या किंवा करड्या रंगाची ट्यूब तर तव्यासारखी तापते. तुमचा उलटा हात ट्यूबवर पाच-सात सेकंद टिकत नसेल तर कुत्र्याचा पंजा पण टिकणार नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच गार होतं. पग, बुलडॉग असली चपट्या नाकाची कुत्री तर त्यातही कमी पडतात, उन्हाळ्यात त्यांना नेऊच नका, आणि ती नीट पोहत पण नाहीत. बाकीच्यांना सकाळी लवकर किंवा पाच नंतर. जाड चिकट लाळ, लालभडक हिरड्या, तोल जाणं असं दिसलं तर लगेच अंगावर, पोटाला, पायांना साधं पाणी ओता, वारा घाला आणि सरळ डॉक्टरकडे चला. प्यायचं पाणी घरून न्या. साचलेल्या पाण्यावर हिरवट साय दिसली तर त्यात त्याला पोहू पण देऊ नका आणि चाटू पण देऊ नका, ते शेवाळ विषारी असू शकतं. अजून एक, भर उन्हात काठावर टम्म फुगवलेली बोट ठेवली तर आतली हवा पसरते आणि जोड सुटू शकतो, म्हणून थोडी हवा कमी ठेवा आणि पाण्यात टाकल्यावर परत भरा.

कुत्र्याचं लाइफ जॅकेट मिळतं, घ्या ते. पोहता येतं ना त्याला, मग कशाला, असं सगळे विचारतात. पोहता येतं पण दमतं ना. आणि खरं काम त्या जॅकेटच्या पाठीवरच्या हँडलचं असतं. छातीचा घेर मोजून साइज घ्या, पट्टे आवळून हँडलने उचलून बघा, जॅकेट डोक्यावरून निघून येत असेल तर मोठं आहे. ते घालून पण आधी घरीच फिरवा.

आता नीट ऐका, कुत्रं पाण्यात पडलं तर काय. बोटीची ट्यूब गोल आणि ओली असते, कुत्रं पुढचे दोन पाय वर टाकतं पण मागच्या पायांना रेटायला खाली काहीच नाही, ते कितीही ताकदीचं असलं तरी सहसा स्वतःहून चढू शकत नाही, ते ओरबाडत राहतं आणि दमून जातं. तुम्हीच त्याला घ्यायचंय. इंजिन असेल तर आधी बंद, पंखा फिरत असताना कुत्र्याला मागच्या बाजूला कधीच येऊ द्यायचं नाही. नाव घेऊन शांत आवाजात बोटीच्या मधल्या बाजूला बोलवा. बाकीच्यांनी दुसऱ्या बाजूला वजन द्यायचं. तुम्ही गुडघ्यावर बसा, गुडघे ट्यूबला टेकवा, हँडल दोन्ही हातांनी धरा, एकदा किंचित खाली दाबा आणि ते पाण्याच्या रेट्याने वर येतं तेव्हाच ओढत मागं झुका, कुत्रं तुमच्या अंगावर येऊन पडेल, पडू द्या. ही गोष्ट गुडघाभर पाण्यात काठाजवळ करून बघितली पाहिजे, खोल पाण्यात जायच्या आधी. आणि काही झालं तरी त्याच्या मागं उडी मारू नका. घाबरलेलं कुत्रं तुमच्याकडेच येतं आणि तुमच्या डोक्यावर चढायला बघतं, ते तुम्हाला बुडवायला नाही हो, जीव वाचवायला. तुमच्या अंगातही जॅकेट हवंच.

साखळी किंवा पट्टा बोटीला बांधायचा नाही. बोट उलटली तर बांधलेलं कुत्रं तिच्याखाली अडकतं. काठावर पट्टा हातात, बोटीत बसलं की सोडलेला. मच्छीमारांच्या जाळ्यांपासून लांब राहा, त्यात पाय अडकतात आणि त्यांचं नुकसान होतं ते वेगळंच. हिवाळ्यात हतनूरला लांबून लांबून पक्षी येतात, तिथं कुत्रं पाण्यात सोडून त्यांना उडवायचं, हे मला अजिबात आवडत नाही. धरणात स्वतःची बोट घालायच्या आधी पाटबंधारे विभागात विचारून घ्या आणि भिंतीच्या, दरवाज्यांच्या बाजूला तर जाऊच नका. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, आणि तापी येते मध्य प्रदेशातल्या मुलताईहून, पाऊस बऱ्हाणपूरकडे पडतो, आपल्याकडे ऊन असतं आणि पाणी वाढतं. पावसाळ्यात नदीत बोट आणि कुत्रं दोन्ही नको.

पण पुराची बोट वेगळी. धुळ्याचं एसडीआरएफचं, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचं, पथक येतं ते अशाच रबरी बोटीतून, आणि तेव्हा दारातलं कुत्रं मागं राहतं कारण ते बोटीत बसायलाच तयार नसतं. अमेरिकेत २००५ साली कतरिना वादळ आलं तेव्हा कितीतरी लोक कुत्र्या-मांजरांना सोडून निघायलाच तयार नव्हते, पुढच्याच वर्षी तिथं पाळीव प्राण्यांना पण बाहेर काढायच्या प्लॅनमधे धरायचा कायदा झाला. आपल्याकडे बोटीत जागा माणसांना आधी, ते बरोबरच आहे, पण ज्याचं कुत्रं सांगितल्यावर दोन पायांच्या मधे गप बसतं त्याच्यासाठी जागा करणं जवानांना सोपं जातं, जे चावायला धावतं त्याच्यासाठी ते तरी काय करणार. चढायच्या आधी मऊ कापडाची पट्टी तोंडाला सैल बांधा, एवढीच की चावता येणार नाही पण श्वास घेता येईल, आणि अशा पट्टीत धाप नीट टाकता येत नाही म्हणून पलीकडे उतरलं की लगेच सोडा. आणि ज्यांच्याकडे बोट-बिट काही नाही, नदीकाठी मळा आहे, त्यांनी पाणी वाढतंय असं कळलं की गोठ्यातली दावी सोडताना कुत्र्याची साखळी पण सोडायची.