अंकलीहून निघालेली वाट

कृष्णेकाठचे अंकली हे बेळगाव जिल्ह्यातले गाव. ज्येष्ठ महिन्यात इथल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून दोन अश्व बाहेर पडतात आणि मिरज-सांगलीवरून आळंदीच्या दिशेने चालू लागतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याची घडी बसवली, तेव्हापासून अंकलीच्या शितोळे घराण्याकडे या अश्वांचा मान आहे. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीही बसत नाही, कारण तिथे प्रत्यक्ष माउली विराजमान आहेत, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

वाहनात घालून हे अश्व एका दिवसात आळंदीला पोहोचवता आले असते. तरीही ते चालतच जातात, आणि म्हणूनच वाटेवरच्या गावांना त्यांचे स्वागत करता येते. देवाच्या दारी पोहोचण्याइतकेच मोल या मधल्या गावांना आहे, असे आम्हांला वाटते.

हाच अनुभव सौंदत्तीच्या डोंगरावर येतो. पौर्णिमेच्या यात्रेसाठी बेळगाव आणि कोल्हापूरकडची कुटुंबे यल्लम्माच्या दर्शनाला येतात. पूर्वी हा सारा प्रवास बैलगाडीचा होता, आणि आजही काही घरे हट्टाने गाडी जुंपून निघतात. डोंगरावर उघड्या माळावर चुली पेटतात, पुरणपोळीचा नैवेद्य शिजतो, देवीच्या पडल्या म्हणजे परड्या भरल्या जातात. शेजारच्या चुलीवरची बाई कन्नड बोलणारी असते. ती ‘ऊटा आतेन्री?’ असे विचारते आणि ‘जेवलात का?’ हाच त्याचा अर्थ आहे, हे मराठी घरातल्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. ज्या भागात भाषेवरून इतके दुःख साठले आहे, तिथे परक्या मुलुखात कोणी आपल्या पोटाची चौकशी करावी, ही आम्हांला प्रवासाची सर्वांत मोठी मिळकत वाटते.

काही जण ज्ञानासाठी निघतात. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले. ते आधी भाटे कुटुंबाकडे आणि नंतर वनखात्यात अधिकारी असलेल्या हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. पुढच्याच वर्षी शिकागोच्या धर्मपरिषदेत सर्वांना परिचित होणारा हा संन्यासी त्या वेळी या शहरात एक अनोळखी पाहुणा होता. इथून ते गोव्याला गेले आणि तिथे त्यांनी राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती धर्मग्रंथांचा अभ्यास केला. ज्या धर्माविषयी बोलायचे, तो त्याच्या अभ्यासकांच्या घरी जाऊन समजून घ्यावा, यासाठी त्यांनी एवढी वाट तुडवली.

पोटासाठी पुण्या-मुंबईची गाडी धरणारेही या भागात पुष्कळ आहेत, आणि त्यांची वाट निराळी आहे. सणाला ते परत येतात, तेव्हा आईने विचारलेला पहिला प्रश्न तोच असतो, जो सौंदत्तीच्या माळावर त्या अनोळखी बाईने विचारला होता.

अंकलीचे अश्व आता मिरजेच्या रस्त्याला लागले आहेत. दाराशी पाण्याची घागर घेऊन एक म्हातारी उभी आहे. तिला आळंदीला जाणे झेपत नाही. ती अश्वाच्या पायांवर पाणी घालते आणि टापेखालची माती कपाळाला लावते.