हायडनची शिफारस

नमस्कार श्रोतेहो. मी जळगावात पेटी शिकवतो, अधूनमधून बालनाट्यांना चाली लावतो. परवा रावेरकडचे एक केळीचे बागायतदार मुलीला घेऊन घरी आले. मुलगी माझ्याकडेच पेटी शिकली आणि पुढे पियानोकडे वळली. आता मुंबईला शिकायला जायचंय, शिष्यवृत्तीच्या अर्जाला शिफारसपत्र हवंय. वडील म्हणाले, "सर, जरा दणदणीत लिहा."

दणदणीत म्हटल्यावर मला ऑस्ट्रियाचा थोर संगीतकार हायडन आठवला. १७९३ साल. व्हिएन्नात त्याच्या हाताखाली बॉनहून आलेला एक तरुण शिकत होता, बीथोवन. वय बावीस, पियानोवर हात जबरदस्त. खर्च भागवत होते बॉनचे राजेसाहेब, मॅक्सिमिलियन फ्रान्झ. नोव्हेंबरात हायडनने त्यांना पत्र लिहिलं. हा मुलगा पुढे युरोपातल्या थोर संगीतकारांत गणला जाईल आणि मी त्याचा गुरू म्हणवून घेण्यात धन्यता मानेन, असा त्याचा आशय. प्रगतीचा पुरावा म्हणून पाच रचना जोडल्या. शिवाय पाचशे फ्लोरिनमध्ये पोराचं भागत नाही, मीच त्याला उसने दिलेत, पुढच्या वर्षी हजार द्या, हेही लिहिलं.

राजेसाहेबांचं उत्तर वाचण्यासारखं आहे. एक फ्यूग (एकच सुरावट पाठोपाठ वेगवेगळ्या आवाजांत येते ती रचना) सोडला तर बाकीच्या रचना त्याने इथे बॉनलाच केल्यात, वाजवूनही दाखवल्यात. आणि त्याला पाचशे नाही, नऊशे मिळतात. मग तिकडे राहून प्रगती ती काय झाली? त्यापेक्षा परत आलेला बरा!

बिचारा हायडन! पोराने गुरूला अर्धवटच सांगितलं होतं, असं दिसतं. पण गंमत बघा, पुरावा फुसका निघाला आणि भाकीत मात्र खरं ठरलं. १७९६ साली बीथोवनचे पियानो सोनाटे छापून आले, ते हायडनला अर्पण केलेले.

तर मी पत्र लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात 'अत्यंत होतकरू', 'असामान्य प्रतिभा' असलं सगळं झालं, म्हणून फाडला. मग तिलाच म्हटलं, वाजव. घरी तिच्याकडे ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, खऱ्या पियानोला ८८, आणि पट्टीला वजन असतं. उजवा हात सुरेख चालला, सुरावट गळ्यातून यावी तशी. डावा मात्र मागे रेंगाळत होता. रेंगाळणारच! पेटीवर डावा हात भात्याला असतो. त्याने इतकी वर्षं हवाच भरली, सूर कुठे वाजवले?

तेच लिहिलं. सहा महिन्यांपूर्वी हा हात दोन बोटांवर चालत होता, आज पाचही बोटं पडतात, हेही लिहिलं. तिने कागद वाचला आणि हळूच विचारलं, "सर, डाव्या हाताचं लिहायलाच हवं का?"

"हवं गं," म्हटलं, आणि वडिलांकडे पाहिलं. ते पाकिटावर तिकीट लावत होते.