आधी बाहेर जाणाऱ्या वाटा मोजा: वाद्यवृंदासाठी परवडणारा डिजिटल मिक्सर

मित्रहो, वाद्यवृंदासाठी डिजिटल मिक्सर, म्हणजे सगळ्या माईकचे आणि वाद्यांचे आवाज एकत्र करून स्पीकरकडे पाठवणारे यंत्र, घ्यायचे ठरले की बहुतेक जण पहिला प्रश्न एकच विचारतात, तो म्हणजे किती चॅनलचा, अर्थात आत येणाऱ्या किती वाटांचा घ्यावा. हा प्रश्न आवश्यक असला तरी त्याचा क्रम दुसरा आहे. मंचावरच्या किती जणांना आपापले वेगळे मिश्रण ऐकावे लागणार आहे आणि तितके वेगळे आवाज त्या मिक्सरमधून बाहेर काढता येतात का, हे आधी ठरवायला हवे. परवडणाऱ्या मिक्सरमध्ये काटकसर बहुधा बाहेर जाणाऱ्या वाटांमध्येच केलेली असते आणि वेष्टनावर ठळक छापलेला आकडा मात्र आत येणाऱ्या वाटांचा असतो. म्हणून आज मी सर्वात अधिक वेळ याच मुद्द्याला देणार आहे.

भावगीते, चित्रपटगीते आणि थोडी लावणी असा कार्यक्रम करणारा एखादा संच डोळ्यांसमोर आणा. दोन गायकांचे दोन माईक, निवेदकाचा एक, हार्मोनियमचा एक, तबल्याचे दोन, ढोलकीचे दोन, कीबोर्डच्या डाव्या-उजव्या अशा दोन वायरी, ऑक्टोपॅडच्या दोन, बासरीचा एक आणि गिटारची एक. ही बेरीज चौदा होते. म्हणजे माईकच्या सोळा वाटा असलेला मिक्सर अशा संचाला पुरतो आणि आधी रेकॉर्ड केलेली साथ, म्हणजे ट्रॅक, वाजवणारा लॅपटॉप उरलेल्या दोन वाटांवर बसतो. उद्या एखादा वादक वाढला, तरी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड एकेका वायरीवर आणून जागा करता येते. आत येणारे आवाज असे एकत्र करता येतात, पण बाहेर जाणारे आवाज एकत्र केले की दोन माणसांना एकच मिश्रण सोसावे लागते. गायिकेला हार्मोनियमचा सूर आणि स्वतःचा आवाज हवा असतो, तर ढोलकीवाल्याला ट्रॅकचा ठेका हवा असतो. दोघांसमोर एकच मॉनिटर, म्हणजे कलाकाराकडे तोंड केलेला स्पीकर, ठेवला की दोघेही आवाज वाढवायला सांगतात, मंचावरचा गोंगाट वाढत जातो आणि शेवटी माईक शिट्टी मारू लागतो.

याच संचाच्या मॉनिटरचा हिशेब आता करू. दोन गायक, हार्मोनियम, तबला-ढोलकी, कीबोर्ड-ऑक्टोपॅड आणि बासरी-गिटार मिळून सहा मिश्रणे होतात. बेरिंगर एक्सआर18 या लोकप्रिय मिक्सरमध्ये माईकच्या सोळा वाटा, दोन लाइन वाटा आणि मुख्य डाव्या-उजव्या जोडीखेरीज बरोबर सहा ऑक्स आउटपुट, म्हणजे प्रत्येकी एक वेगळे मिश्रण बाहेर नेणाऱ्या वाटा, आहेत. मात्र गायिकेने कानातल्या मॉनिटरवर स्टिरिओ मागितले, तर तिच्या एकटीसाठी दोन ऑक्स खर्च होतात आणि दुसऱ्या कोणाचे तरी मिश्रण कापावे लागते. साउंडक्राफ्ट यूआय24आर मध्ये माईकच्या वीस वाटा आणि आठ ऑक्स आहेत, म्हणून ज्यांना कानातले मॉनिटर वापरायचे आहेत त्यांनी थोडे अधिक पैसे या दोन जादा ऑक्ससाठी मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वीस चॅनल पाहून हे यंत्र घेऊ नका, आठ ऑक्स पाहून घ्या. आणि कुठलाही मिक्सर घेतला तरी मॉनिटरचे ऑक्स प्री-फेडर ठेवा, अर्थात फेडरच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खुंटीच्या) आधीच आवाज उचलणारे ठेवा, म्हणजे प्रेक्षागृहातला आवाज कमी-जास्त केला तरी मंचावर काहीही हलत नाही.

दुसरा निर्णय हाताळणीचा. ही दोन्ही यंत्रे चॅनलचे फेडर आणि खुंट्या नसलेली खोकी आहेत, त्यांचा सगळा कारभार टॅबलेटवरून किंवा लॅपटॉपवरून चालतो. बालगंधर्व रंगमंदिरासारख्या नाट्यगृहात हे फार सोयीचे ठरते, कारण टॅबलेट हातात घेऊन बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत जाऊन तिथला आवाज तिथेच दुरुस्त करता येतो. परंतु काचेवर एका वेळी एकच गोष्ट नीट हाताळता येते, आणि तीन माईक एकाच क्षणी खाली आणायचे असतील तर बोटांना खरा फेडर हवासा वाटतो. ज्यांच्याकडे कार्यक्रमभर मिक्सरवर बसणारा स्वतंत्र माणूस आहे, त्यांनी फेडर असलेल्या यंत्राचा विचार जरूर करावा. 2012 मध्ये आलेल्या बेरिंगर एक्स32 मध्ये बत्तीस प्रीअॅम्प (म्हणजे माईकच्या वाटा), सोळा आउटपुट आणि आपोआप सरकणारे पंचवीस फेडर आहेत, आणि तो जुन्या बाजारातही मिळतो. तो घेताना मात्र प्रत्येक फेडर दोन्ही टोकांपर्यंत स्वतः सरकतो का, हे एकेक करून तपासा, कारण धूळ आणि पावसाळी दमट हवा यांचा पहिला फटका फेडरलाच बसतो. यंत्राचे वजन वीस किलोच्या घरात जाते. रिक्षाने सामान नेणाऱ्या संचाने हेही विचारात घ्यावे.

खोके घ्यायचे असेल, तर वाय-फायचा बंदोबस्त हा खरेदीचाच भाग समजा. एक्सआर18 मधले अंगभूत वाय-फाय फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालते. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनल आहेत, आणि नाट्यगृह भरले की शेकडो मोबाईल त्याच पट्ट्यात बोलू लागतात. शिवाय माणसांच्या शरीरातले पाणी हे तरंग शोषून घेते. त्यामुळे दुपारी रिकाम्या सभागृहात उत्तम चाललेली जोडणी रात्री पहिल्याच गाण्याला तुटते. 5 गिगाहर्ट्झचा स्वतंत्र राउटर घ्या, तो मंचावर डोक्यापेक्षा उंच ठेवा, पासवर्ड संचाबाहेर कोणालाही देऊ नका, आणि मिक्सरपासून एका लॅपटॉपपर्यंत नेटवर्कची साधी केबल कायम जोडून ठेवा. जोडणी तुटली तरी मिक्सर शेवटच्या मांडणीवर आवाज देत राहतो, गाणे थांबत नाही. मात्र त्या वेळी शिट्टी सुरू झाली तर ती थांबवायला केबलच कामी येते.

आता आपल्या वाद्यांविषयी बोलतो. या यंत्रांत माईकच्या प्रत्येक चॅनलला इक्वलायझर (जाड-बारीक नादाचे प्रमाण बदलणारा), गेट (ठरावीक पातळीखालचा मंद आवाज बंद करणारा) आणि कॉम्प्रेसर (फार मोठा आवाज दाबणारा) मिळतो, आणि तयार मांडण्यांचा संग्रहही असतो. त्या मांडण्या पाश्चात्त्य ड्रमसेट, गिटार आणि गायन यांना समोर ठेवून केलेल्या असतात. ड्रमची तयार मांडणी तबल्याला लावली की गेट बायाचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा मध्येच कापतो. घिस्सा (बायावर मनगट घासून काढलेला नाद) अर्धवट ऐकू येतो आणि वादकाने मनगटाने काढलेली मींड प्रेक्षकांपर्यंत पोहोचतच नाही. बायाचा मूळ नाद बराच खालच्या कंप्रतेचा असतो, त्यामुळे गायकाच्या माईकवर शोभणारा शंभर हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा नाद कापणारी सोय) बायावर लावू नये. हार्मोनियम आणि बासरी यांना मात्र लो-कट अवश्य द्या. तंबोऱ्याच्या किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या चॅनलवर गेट तर कधीच नको, कारण तो सतत मंद वाजणारा नाद आहे आणि गेट त्याला शांतता समजतो. तबल्याची, ढोलकीची आणि हार्मोनियमची आपली मांडणी तालमीत कानाने बसवा आणि नाव देऊन जतन करा. डिजिटल मिक्सरचा खरा मोबदला मला इथे दिसतो, कारण आपल्याकडे सकाळचा प्रयोग संपून दुपारचा सुरू होईपर्यंत साउंडचेकला फार थोडा वेळ मिळतो, आणि जतन केलेली मांडणी त्या वेळातला मोठा भाग वाचवते. मुख्य आउटपुटचा इक्वलायझर मात्र प्रत्येक सभागृहात नव्याने लावावा लागतो, कारण तो त्या खोलीचा असतो.

एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी येण्याआधी मिळणारी आवाजाची मुभा सुमारे 3 डेसिबलने घटते. म्हणून निवेदन चालू असताना बाकीचे माईक बंद करणारा एक म्यूट ग्रुप बनवा. एवढ्याने जो फरक पडतो, तो महागड्या इफेक्टने पडत नाही.

96 किलोहर्ट्झविषयी, म्हणजे आवाजाचे सेकंदाला 96 हजार नमुने घेणाऱ्या यंत्रांविषयी, नेहमी विचारले जाते. अॅलन अँड हीथच्या सीक्यू मालिकेत आणि यामाहाच्या डीएम3 मध्ये ती सोय आहे आणि दोन्ही यंत्रे चांगली आहेत. पण 48 किलोहर्ट्झमध्ये मानवी कानाला ऐकू येणारा सगळा पट्टा बसतो, आणि यंत्रातून आवाज जायला लागणारा सुमारे एक मिलिसेकंद म्हणजे स्पीकरपासून साधारण 34 सेंटीमीटर मागे सरकण्याइतकाच विलंब आहे. तुमचे पैसे मोजके असतील, तर ते या आकड्यावर न घालवता चांगल्या माईकवर, डीआय बॉक्सवर (वाद्याची वायर मिक्सरला नीट जोडणाऱ्या डबीवर) आणि केबलवर घाला. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारे कनेक्टर स्वतः जोडायला शिकलात, तर केबलचा खर्च आणखी कमी होईल.

विजेचा मुद्दा गणेशोत्सवाच्या मांडवात काम करणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. जुना अॅनालॉग मिक्सर वीज परत येताच बोलू लागतो, पण डिजिटल मिक्सर आधी सुरू होतो, मग राउटर सुरू होतो, मग टॅबलेट त्यांना शोधतो. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचे असताना हा वेळ जीवघेणा वाटतो. घरच्या संगणकाला लावतो तसा छोटा यूपीएस मिक्सर आणि राउटर या दोघांनाच लावा. अॅम्प्लिफायर किंवा पॉवर्ड स्पीकर त्यावर अजिबात नको.

रेकॉर्डिंगही पाहून घ्या. एक्सआर18 मधून अठरा चॅनल यूएसबीने लॅपटॉपवर उतरवता येतात, तर यूआय24आर बावीस चॅनल लॅपटॉपशिवाय थेट पेनड्राइव्हवर नोंदवतो. तालमीचे असे सुटे रेकॉर्डिंग सभागृहात त्याच चॅनलमधून वाजवले, की वादक वाटेत असतानाच प्रेक्षागृहातला आवाज बराचसा बसवून होतो. लॅपटॉप सांभाळायला कोणी नसेल, तर यूआय24आर कडे झुकण्याचे हे दुसरे कारण आहे.

शेवटी खरेदीची पद्धत. ज्या यंत्रावर मन बसले आहे ते एका तालमीसाठी भाड्याने आणा, सगळी वाद्ये जोडा आणि प्रत्येकाचे मॉनिटर मिश्रण त्याच्या मनासारखे होईपर्यंत थांबा. मग गाणे चालू असताना राउटर मुद्दाम बंद करा आणि केबलवरून ताबा मिळतो का ते पाहा. त्यानंतर मिक्सरची वीज काढून पुन्हा द्या आणि तो किती वेळात सावरतो, मांडणी तशीच परत येते का, हे घड्याळ लावून तपासा. दुकानदाराला दुरुस्ती पुण्यात होते की यंत्र बाहेरगावी पाठवावे लागते, आणि त्या काळात पर्यायी यंत्र मिळते का, हे विचारून त्याचे उत्तर बिलावर लिहून घ्या.