मरणापेक्षा जास्त रडवणारी पानं

टॉल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज आणि मार्टिनचं साँग ऑफ आइस अँड फायर, ह्या दोन फँटसी कथांची तुलना निघाली की लगेच कोणता लेखक किती पात्रं मारतो ह्यावर चर्चा जाते, आणि मला ते अजिबात पटत नाही. मार्टिनच्या नेड स्टार्कचं डोकं उडतं तेव्हा धक्का बसतोच, पहिल्या पुस्तकात सगळ्यात जास्त प्रकरणं त्याच्याच नजरेतून आहेत, आपण त्यालाच हीरो धरून चाललेलो असतो आणि लेखक नेमकं त्यालाच उचलतो. मग आपण सावध होतो, पुढे कुणात जीव गुंतवायचा म्हटलं तरी भीती वाटते.

पण आतपर्यंत जातो तो जेमी लॅनिस्टर. 1996 च्या पहिल्या पुस्तकात हा माणूस एका लहान मुलाला खिडकीतून ढकलून देतो, आपल्याला त्याची मनापासून चीड येते, आणि 2000 साली तिसऱ्या पुस्तकात बघतो तर प्रकरणाच्या डोक्यावर त्याचंच नाव, म्हणजे आता गोष्ट त्याच्या नजरेतून! हात तुटलेला, तापाने फणफणलेला, हॅरनहॉल किल्ल्याच्या न्हाणीघरात तो ब्रिएन ह्या लढवय्या बाईला सांगतो की ज्या राजाचा तो अंगरक्षक होता त्यालाच का मारलं, तर राजा अख्खं शहर जाळायला निघाला होता म्हणून. लाखो जीव वाचवले आणि जग त्याला खुनी म्हणतं. खिडकीतून ढकललेलं ते पोर तर विसरता येत नाही, पण जेमीला नुसतं वाईट म्हणून मोकळंही होता येत नाही, आणि ह्या ओढाताणीत मार्टिन आपल्याला सोडून देतो.

आता टॉल्किन. लोक म्हणतात तिथे सगळं काळं-पांढरं, शेवटी चांगले जिंकतात. अहो, घातकी अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडोच हरतो! माउंट डूम ह्या ज्वालामुखीच्या आत कड्यावर उभा राहून तो अंगठी माझी म्हणतो आणि बोटात घालतो, ती नष्ट होते ती अंगठीने झपाटलेल्या गॉलमने बोटासकट तोडून घेतल्यामुळे आणि तोल जाऊन तो गॉलमच खाली आगीत पडल्यामुळे. एवढं करून घरी यावं तर त्याच्या गावाची, शायरची वाट लागलेली, तेही निस्तरतात, त्याच्या सोबती सॅमचं लग्न होतं, मूल होतं, झाडं पुन्हा लागतात, सगळे सुखात, आणि प्रवासात झालेली फ्रोडोची जखम मात्र वर्ष फिरून ती तारीख आली की पुन्हा दुखते. ज्या गावासाठी गेला ते वाचलं, पण त्याच्यासाठी नाही. टॉल्किन स्वतः 1916 मध्ये सोमच्या लढाईत होता, जवळचे मित्र त्याने पहिल्या महायुद्धात गमावले होते, आणि ही पानं वाचताना मला ते सारखं जाणवतं.

मला विचाराल तर जास्त रडवतो टॉल्किनच, कारण तिथे कुणावर राग काढायची सोयच नाही. शिवाय फ्रोडोचं दुःख 1955 मध्ये पूर्ण सांगून झालंय, तो गाव कायमचं सोडून जहाजात बसतो हे आपल्याला कळतं. मार्टिनचं पाचवं पुस्तक 2011 ला आलं, सहाव्याची वाट बघणं सुरूच आहे, त्यामुळे पुस्तकातला जेमी पुढे खरंच बदलतो की परत पहिल्यासारखा होतो हे अजून माहीत नाही, आणि त्याच्यावर जीव लावून बसलेल्या आमच्यासारख्यांना ह्याचाच जास्त त्रास होतो.