बाईक मानेने वळते

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. माईक नको मला, घाटात मागच्याशी ओरडून बोलून बोलून आवाज तयार झालेला आहे. दहाला मिसळ आहे असं संयोजकांनी बजावून सांगितलंय, म्हणजे माझ्याकडे पाऊण तास होता, त्यातली दहा मिनिटं सत्कारात गेली. शाल मिळाली. मे महिन्यात, नाशिकमध्ये, शाल. असो, टाकी पुसायला होईल.

विषय दिलाय 'घाटातली वळणं : तंत्र आणि सुरक्षितता'. तंत्र सांगतोच, पण त्याआधी एक गोष्ट, जी गेली वीसेक वर्षं माझ्या डोक्यात घर करून बसलीये आणि घरी कोणी ऐकून घेत नाही. बाईक हाताने वळत नाही, मानेने वळते. झालं, एवढंच आहे. पण एवढ्यावर पस्तीस मिनिटं बोलायचंय म्हणून थोडं सविस्तर.

आधी हात वर करा, कसारा घाटात किती जण पडलेत? चार. बरं. आणि पडलेत पण बायको शेजारी बसलीये म्हणून हात वर करत नाहीयेत असे किती? बघा, हसले म्हणजे आहेत.

परवा एक मुलगा मला म्हणाला, काका, आता इगतपुरीला आठ किलोमीटरचा बोगदा झाला, कसाऱ्यात कोण जाणार? म्हटलं बाबा, समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. कारवाले गेले बोगद्यातून, घाट राहिला आपल्याला. मला तर ही आपल्या बाजूने झालेली एकमेव सरकारी गोष्ट वाटते.

तर १९९४ सालची गोष्ट. माझ्याकडे सेकंडहँड आरएक्स हंड्रेड होती, सातपूरला कंपनीत नुकता लागलो होतो, मंगळवारी सुट्टी. माझा एक मित्र, इथेच दुसऱ्या रांगेत बसलाय, नाव घेत नाही, पण आत्ता जो खाली बघतोय तो. त्याचा डिप्लोमाचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा पेपर, चौथ्या झटक्यात सुटला होता आणि आईने वणीच्या गडावर नवस बोललेला. आई म्हणाली तू जा, मी चैत्रात जाईन. मग काय, जानेवारीतली थंडी, पहाटे निघालो, दिंडोरीला चहा, वणी, नांदुरी, आणि नांदुरीपासून वर गडापर्यंत दहाएक किलोमीटर घाट. चढताना कोणीही हिरो असतो हो, चढ असला की ब्रेकचं काम चढच करतो. आम्ही गाणी म्हणत गेलो वर.

दर्शन झालं, प्रसादाचा नारळ मिळाला, माकडांनी पेढे नेले, ते वेगळंच. उतरताना ह्या माणसाने, मी परत सांगतो नाव घेत नाही, मला सल्ला दिला की न्यूट्रल मार, गाडी बंद कर, पेट्रोल वाचेल. पगार अठराशे असताना हा सल्ला फार शहाणपणाचा वाटतो. आणि मी ऐकला! आज विचार करतो तेव्हा अंगावर काटा येतो. आमच्यासारख्या टू-स्ट्रोक गाडीला तसंही इंजिनचं ब्रेकिंग, म्हणजे गिअरमध्ये इंजिनने गाडी रोखून धरणं, नावालाच असतं, त्यात आम्ही तेही बंद केलेलं, पुढे-मागे दोन्ही ड्रम ब्रेक, आणि गाडीवर दोन माणसं अधिक नवस. तिसऱ्या वळणाला ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास यायला लागला. मित्र म्हणतो, खाली कोणीतरी कचरा जाळतंय.

पाचवं की सहावं वळण असेल, उजवीकडचं, यू आकाराचं. डावीकडे दरी. ब्रेक दाबतोय तर पायाखाली नुसतं मऊ मऊ, गाडी कमी होतेय पण पाहिजे तेवढी नाही. आणि कठड्याला एक चुना लावलेला पांढरा दगड होता. मी त्या दगडाकडे बघितलं. बस. मग मी फक्त त्याच दगडाकडे बघत राहिलो. त्याच्यावर कोणीतरी लाल तेलरंगात मूळव्याधीच्या डॉक्टरची जाहिरात लिहिली होती, 'विनाऑपरेशन खात्रीशीर', आणि खाली फोन नंबर, त्यातले पहिले तीन आकडे मला आजही पाठ आहेत. रस्ता किती रुंद होता मला आठवत नाही, समोरून काही येत होतं का आठवत नाही, मूळव्याध आठवते. एवढा मी त्या दगडाकडे मन लावून बघत होतो. आणि बरोब्बर त्याच दगडावर जाऊन गाडी ठोकली.

वेग फारसा नव्हता म्हणून वाचलो. पुढचं चाक वाकलं, माझा गुडघा सोलला, ह्याचं मनगट मुरगळलं. हेल्मेट होतं माझ्याकडे, नाही असं नाही, कोपरात अडकवलेलं होतं. कोपराला काही झालं नाही. (२०२१ मध्ये इथे हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असं निघालं तेव्हा पंपावर मागच्याचं हेल्मेट मागून घेणारी माणसं बघितली, तेव्हा मला माझ्या कोपराची फार आठवण झाली.)

पण खरी गंमत पुढे आहे. पिशवी फाटली आणि नारळ सुटला. तो नारळ रस्त्यावरून गडगडत निघाला आणि त्याने ते अख्खं वळण घेतलं! आतल्या बाजूने, गटाराच्या कडेला धरून, एकदम झक्कास. आम्हाला तो खालच्या वळणावर सापडला, न फुटता. दोन माणसं, दोन ब्रेक आणि एक हँडल असून जे जमलं नाही ते नारळाने केलं.

तेवढ्यात वर जाणारी एसटी थांबली. ड्रायव्हर काका उतरले, आमच्याकडे बघितलं, हातपाय हलवायला लावले, मग दगडाकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढा रस्ता सोडून नेमका हाच कसा काय सापडला रे तुला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला सात-आठ वर्षांनी मिळालं. इंग्रजीत ह्याला टार्गेट फिक्सेशन म्हणतात. माणूस घाबरला की नजर धोक्याला चिकटते, आणि नजर जिकडे तिकडे मान, मान तिकडे खांदे, खांदे तिकडे हात. हँडलला बिचाऱ्याला काय माहीत तुम्ही त्या दगडाकडे प्रेमाने बघताय का भीतीने. खोटं वाटत असेल तर सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या एखाद्या रिकाम्या रस्त्यावर जा आणि फर्स्ट गिअरमध्ये यू-टर्न मारून बघा. पुढच्या चाकाकडे बघत मारा, पाय टेकणार. मग मान पूर्ण वळवून, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत, जिथे जायचंय तिथे बघत मारा. त्याच गाडीने, त्याच रस्त्यात, पाय न टेकता फिरता. मी माझ्या मुलीला असंच शिकवलं, आता ती मला म्हणते बाबा तुम्ही चालवताना फोनच्या स्टँडकडे फार बघता. बरोबर आहे तिचं.

आता नजर पुढे ठेवायची म्हणजे खाली बघायचंच नाही असं नाही, कारण आपल्या घाटात खाली काय असेल सांगता येत नाही. मागच्या पावसाळ्यानंतर एका घाटात, कुठल्या ते सांगत नाही, खड्डे बुजवले. बुजवले म्हणजे काय, खडी ओतली आणि निघून गेले. तीही नेमकी वळणाच्या आतल्या अंगाला. बोर्ड नाही, झेंडा नाही. गाड्यांच्या चाकांनी ती बारीक खडी बरोबर अशी पसरली होती की जिथे बाईक झुकते तिथेच ज्वारी सांडल्यासारखी. मी पडलो नाही, पण पाय असा फाकला की पंधरा दिवस पायरी चढताना आईची आठवण येत होती. तक्रार केली तर म्हणे काम 'प्रगतीत' आहे. प्रगतीत! ती खडी माझ्या बुटात अजून आहे.

खडी निदान दिसते तरी. डिझेल दिसत नाही. ट्रकची टाकी काठोकाठ भरलेली असली की वळणावर झाकणातून सांडतं, आणि सांडतं ते वळणावरच, सरळ रस्त्यावर नाही. त्यामुळे मी म्हणतो घाट नाकानेही चालवा. हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवा, डिझेलचा वास आला की पुढच्या वळणाला सलामी देऊन हळू जायचं. पाऊस असेल तर रस्त्यावर मोरपिसासारखे रंग दिसतात, फोटो काढू नका, बाजूने जा. पिंपळगावला टोमॅटोचा सीझन असला की वळणावर टोमॅटोची चटणीसुद्धा असते, ती पण घसरते, अनुभव आहे.

काय? चिठ्ठी? ...दहा मिनिटं? अहो तंत्र राहिलंच की. बरं, पटापट घेतो.

पहिलं, वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. गिअर आधीच खाली टाकून ठेवा. उतरताना तोच गिअर जो चढताना लागला असता. न्यूट्रल मारणाऱ्याने दुसऱ्या रांगेतल्या माणसाला भेटावं. आणि हिशेब लक्षात ठेवा, वेग वाढतो तसा वळणात बाहेर फेकणारा जोर त्याच्या वर्गाने वाढतो, आणि तेवढं जास्त झुकावं लागतं. २० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ४० ला साधारण ३२ अंश झुकावं लागतं. ५० ला जवळजवळ ४५. फक्त दहाने वाढवलं हो! ४५ अंशांवर आपले रस्ते, आपले टायर आणि ती ज्वारी, बघा तुमचं तुम्ही.

दुसरं, गाडी झुकते कशी. उजवीकडे वळायचं तर उजव्या हाताने उजवं हँडल हलकेच पुढे ढकलायचं. पुढे! उलटं वाटतं ना? लहानपणी तळहातावर झाडू उभा धरायचो आठवतंय? झाडू उजवीकडे कलवायचा तर तळहात आधी डावीकडे न्यावा लागतो. तसंच, चाक क्षणभर डावीकडे जातं म्हणून गाडी उजवीकडे पडते आणि मग वळते. तुम्ही सगळे हे रोज करताच, फक्त कळत नाही. विमानवाले राईट बंधू मुळात सायकलच्या दुकानवाले, त्यातल्या विल्बरच्या हे लक्षात आलं होतं. बाहेर गाडी स्टँडवर लावून दाखवणार होतो, पण माझ्या गाडीच्या पुढ्यात कोणीतरी पांढरी कार लावलीये.

तिसरं, उजव्या वळणात तुमचं चाक तुमच्या बाजूला असतं पण डोकं झुकून मधल्या पट्ट्याच्या पलीकडे गेलेलं असतं, आणि समोरून एसटी येते ती अख्खा रस्ता घेऊनच येते, तिला तेवढा लागतोच. म्हणून डावीकडे राहा. डाव्या वळणात लगेच आत शिरू नका, आपल्याच लेनमध्ये मधल्या पट्ट्याकडे राहिलात तर पुढचं जास्त दिसतं, दिसलं की मग आत या. रस्त्याच्या दोन्ही कडा लांब जिथे मिळतात तिथे नजर ठेवा, तो कोपरा जवळ येत असेल तर थ्रॉटल बंद, लांब पळत असेल तर द्या. जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. ४० ला विचार करायचा वेळ धरून वीसएक मीटर लागतात, ६० ला पस्तीसच्या पुढे, तेही कोरड्या रस्त्यावर.

चौथं, चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे, उपकार नाही. पाचवं पावसाचं होतं, इगतपुरीचं शेवाळ, धुकं, त्याच्यावर मी वेगळं... हो हो, आवरतो.

मित्र काहीतरी म्हणतोय. काय? म्हणतोय की नारळ फुटला नव्हता हे खोटं आहे, चीर गेली होती आणि पाणी माझ्या बुटात गेलं होतं. बरं, चीर गेली होती. पण वळण घेतलं ना त्याने?

ती पांढरी कार कोणाची आहे, काढा बाबा आधी. प्रश्न असतील ते मिसळीवर.