चमत्कार म्हणायचं नाही! क्लाक्सविकच्या क्लबची गोष्ट

माईक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? हां. पत्रिकेत विषय छापलाय 'छोट्या देशाचा क्लब युरोपात कसा पोचला', मला दिलाय अर्धा तास, त्यातली सात-आठ मिनिटं माझी ओळख करून देण्यातच गेली. असो. कोल्हापूरकरांना फुटबॉल काय ते सांगायला मी आलेलो नाही, तेवढा शहाणा आहे मी.

तर फेरो आयलंड्स. स्कॉटलंड आणि आइसलंडच्या मधोमध 18 बेटं, डेन्मार्कच्या छत्राखाली पण कारभार आपला आपण, फिफात 1988 पासून. एकूण वस्ती साधारण 54 हजार आणि मेंढ्या माणसांपेक्षा जास्त. हे मेंढ्यांचं मी आत्ताच सांगून टाकतो, कारण त्या क्लबवर कुठलाही लेख उघडा, पहिल्या परिच्छेदात मेंढी आणि दुसऱ्यात 'चमत्कार'. माझं सगळं भांडण त्या शब्दाशी आहे. क्लाक्सविक हे तिथलं मासेमारीचं गाव, पाचेक हजार वस्तीचं. आपल्याकडे पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असली की शाहू स्टेडियमवर त्याच्यापेक्षा जास्त माणसं असतात, आणि आपण त्याला चमत्कार म्हणतो का? आपण त्याला रविवार म्हणतो. (हशा)

क्लब 1904 चा. त्यांची लीग 1942 साली सुरू झाली आणि पहिलीच हे लोक जिंकले, म्हणजे काल-परवा उगवलेली टीम नाही ही. मधे वाईट दिवसही पाहिले, 1999 नंतर पुढचं विजेतेपद थेट 2019 ला, वीस वर्षं वाट बघितली गावाने. 2020 मध्ये युरोपात जॉर्जियाच्या डिनामो त्बिलिसीला 6-1 हाणलं, तेव्हा कुणाचं लक्षच नव्हतं.

आता माझी आवडती रात्र सांगतो. जुलै 2023, चॅम्पियन्स लीगची पहिलीच पात्रता फेरी, समोर हंगेरीचा फेरेन्सव्हारोस. हा 1899 चा क्लब, आदल्याच सीझनला युरोपा लीगमध्ये मोनॅकोच्या वर राहून गटात पहिला आलेला. पहिली मॅच क्लाक्सविकच्या मैदानावर 0-0 झाली होती, आता परतीची मॅच बुडापेस्टला. आमच्याकडे नेटवर्क फक्त स्वयंपाकघरात येतं, म्हणून मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून मी ओट्यासमोर उभा, आवाज बंद, कारण घरात सगळे झोपलेले. पहिला गोल झाला तेव्हा नेमकं चित्र अडकलं, गोल फिरणारं चक्र, आणि परत सुरू झालं तर क्लाक्सविकचा फ्रेडरिक्सबर्ग मिठ्या मारतोय. मग दुसरा. मग तिसरा. मुलगा पाणी प्यायला उठला, स्कोअर बघून म्हणाला, "बाबा, हा व्हिडिओ गेम आहे ना?" त्या हंगेरियन क्लबने आपल्या कोचला, चेर्चेसॉव्हला, लगेच घरी पाठवलं. नाद खुळा!

त्यावरून आठवलं, 1990, फेरोच्या राष्ट्रीय टीमने ऑस्ट्रियाला 1-0 हरवलं, गोंड्याची लोकरी टोपी घातलेला गोलकीपर क्नुडसेन, टोपीचा फोटो सगळ्यांना माहीत. पण ती मॅच झाली कुठे? स्वीडनमध्ये! कारण फेरोत नियमात बसेल असं गवताचं मैदानच नव्हतं. टोपी सगळ्यांनी बघितली, मैदान कुणी विचारलं नाही. आपल्याकडे तरी कोण विचारतं म्हणा, पाऊस यायच्या आत सीझन उरकायचा आणि मग...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, बरं. मग जे सांगायला आलो होतो ते पटापट सांगतो.

पहिलं, मैदान. त्या वाऱ्यापावसात गवत टिकत नाही, म्हणून त्यांनी सरळ कृत्रिम टर्फ घातलं, पोरं बारा महिने खेळतात. दुसरं, त्यांचा सीझन मार्च ते ऑक्टोबर. जुलैत ते ऐन भरात, आणि हंगेरीवाले नुकते सुट्टीवरून आलेले. हे पुढच्या फेऱ्यांत भेटलेल्या स्वीडनच्या हॅकेन आणि नॉर्वेच्या मोल्डेला लागू नाही हां, त्यांचा सीझनही उन्हाळ्यातलाच, म्हणून हॅकेनला पेनल्टीवर काढलं ती मला जास्त मोठी गोष्ट वाटते. तिसरं आणि खरं, नियम. पात्रता फेऱ्यांत देशोदेशीच्या चॅम्पियन क्लबांची वाट वेगळी, आणि हरलेला घरी जात नाही, खालच्या स्पर्धेत उतरतो. हॅकेनला हरवलं तिथेच कॉन्फरन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या तिसऱ्या पायरीच्या स्पर्धेचा, गट पक्का झाला होता, मग मोल्डेशी हरले, खाली युरोपा लीगच्या पात्रतेत मोल्डोव्हाच्या शेरीफ तिरास्पोलशी हरले, दोनदा हरून गटात! तिथे फ्रान्सच्या लिलला 0-0 रोखलं, स्लोव्हेनियाच्या ओलिम्पिया ल्युब्लियानाला 3-0 हरवलं. फेरोचा पहिलाच क्लब युरोपच्या गटात. म्हणजे दार आधी कुणीतरी ठेवलं होतं, आणि हे लोक वेळेवर तयारीत होते. याला चमत्कार म्हणायचं?

हो हो, बसतो. फक्त एक राहिलं, मुळात यावरच अर्धा तास बोलायला हवं होतं. त्याच क्लबची बायकांची टीम. 2000 ते 2016, देशाचं विजेतेपद ओळीने 17 वर्षं. सतरा! कुठल्या लेखात मेंढीच्या आधी हे वाचलंय का कुणी? बरं, चहा थंड होतोय म्हणतायत.