उड्या, वाटण आणि वजनकाटा

(गोव्यातल्या फोंड्यातील एका वाचनालयात पावसाळी व्याख्यानमालेत केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन, थोडी काटछाट करून.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'घरच्या घरी कडक व्यायाम आणि आहार'. त्यातला 'कडक' माझा नव्हे, तो छापखान्याने आपणहून घातला. पण राहू दे, शब्द चुकीचा नाही. साडेसहाला हॉल नाटकाच्या तालमीला द्यायचाय, तेव्हा आपल्या हातात चाळीस मिनिटं आहेत. मी व्हिडिओ बघून व्यायामाचा जो कार्यक्रम केला त्याच्या पहिल्या महिन्यातला एक व्हिडिओ साधारण तेवढाच असतो. बोलताना धाप लागली तर समजून घ्या, सवय आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून. सुरुवात केली तेव्हा वय 47, वजन 84 किलो, कंबर 102 सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना 90च्या वर गेली की जपा म्हणतात. 2023 साली आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, देशभरची मधुमेहाची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात गोवा पहिला. 26.4 टक्के प्रौढांना! एरवी आपला नंबर कशात वर असतो, तर दरडोई उत्पन्नाच्या यादीत वगैरे. हा इथेही आला. म्हणजे चौघांत एक, वर थोडे उरतात. या हॉलमध्ये किती बसतात तो हिशेब तुम्ही करा. नंतर चहाबरोबर भजी आहेत ना? आहेत. छान.

तर कार्यक्रमाचं नाव 'इन्सॅनिटी', म्हणजे वेडेपणा. नावातच ताकीद दिलीय, तक्रारीला जागा नाही. अमेरिकेतल्या शॉन टी नावाच्या प्रशिक्षकाचा, 2009चा. आठवड्याला सहा दिवस, दोन महिने, मध्ये एक हलका आठवडा. डंबेल नको, मशीन नको, स्वतःचं वजन पुरे. ते माझ्याकडे मुबलक होतं. एरवी थोडा वेळ जोर लावायचा आणि जास्त वेळ विसावायचं अशी पद्धत. इथे उलटं. तीनेक मिनिटं जीव खाऊन उड्या, मग तीस सेकंद उसासे, की परत उड्या.

मी मुहूर्त धरला 1 जूनचा. का? आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना मासेमारीबंदी, 61 दिवस. हिशेब केला की बाजारात धड मासळीच नाही, म्हणजे तळलेला बांगडा नाही, इसवणाची तुकडी नाही, मोह आपोआप गेला. सरकारच माझं डाएट सांभाळणार! इतका हुशार हिशेब बँकेत केला असता तर आज मॅनेजर असतो.

आता मुख्य घोटाळा. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली एक माई, सत्तरीच्या, एकट्या, चवथीला, म्हणजे गणपतीत, नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करून विकतात. मी पहाटे साडेपाचला सुरू करायचो, पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजायच्या आत. फरशी टाइल्सची, बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद, आणि घामाचा लादीवर असा पाट की तिसऱ्या दिवशी मी घसरून सोफ्याखाली गेलो. बायकोने येऊन पाहिलं, म्हणाली, "आजचं एवढंच आहे का?" मी म्हटलं, हा विसावा आहे, तीस सेकंदांचा.

पाचव्या दिवशी खालून ठकठक. माई छताला काठी मारत होत्या. मी थांबलो की थांबायची, मी उडी मारली की परत. आठवडाभर हे चाललं. एकदा तर आमचा ठेका इतका जुळला की मला व्हिडिओतल्या संगीताची गरज उरली नाही. शेवटी त्या जिना चढून आल्या. दारात उभ्या, गुडघे चोळत. मला वाटलं आता सोसायटीची मीटिंग. तर म्हणतात, "बाब, तुमी सकाळीं सकाळीं मसालो कांडटात काय? इतलो मसालो कोणाक?"

त्यांना वाटलं मी मसाल्याचा जोडधंदा काढलाय! मी सगळं समजावलं, व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोन मिनिटं पाहिला, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "आनी खाता कितें?" व्याख्यानाचा विषय खरं तर हा प्रश्न आहे, आणि तो मला पडला नव्हता, माईंना पडला.

कारण दोन आठवड्यांनी मी काट्यावर उभा राहिलो तर वजन 85.2. वाढलं! त्याचं कारण पुढे वाचून कळलं. नव्याने दमलेले स्नायू पाणी धरून ठेवतात, शिवाय बंदीत आम्ही खारे बांगडे आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर खात होतो, मिठाने आणखी पाणी. पण तेवढंच नव्हतं. किसमुरीत सुंगटं चिमूटभर आणि ओलं खोबरं ओंजळभर. सोमवारी, गुरुवारी शिवराक, म्हणजे बिनमासळीचं जेवण: खतखतं, तोणाक, सगळ्यांत वाटण. ताटाशी सोलकढी, तीही नारळाच्या रसाची. मासळी गेली तशी त्यातली प्रथिनं गेली, नारळ मात्र दुप्पट आला. नारळावर बंदी कोण घालणार? सरकार पडेल.

माईंनी खाली नेऊन त्यांचा नेवऱ्यांचा डिजिटल काटा माझ्या हातात ठेवला. "वाटप मेज," म्हणाल्या, म्हणजे वाटण मोज. मोजलं. आम्ही तिघं, दिवसाला 240 ग्रॅम खोबरं. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. म्हणजे माझ्या वाट्याला दोनशे ऐंशी, भात धरलाच नाही. माझ्या एका सकाळच्या कांडपाच्या चारशे धरल्या तरी जवळजवळ पाऊण मेहनत वाटणाने गिळली. उरलेली बँकेखालच्या गाड्यावर, रस ऑम्लेट, म्हणजे रश्श्यातलं ऑम्लेट, आणि दोन पाव.

— काय? सहा वीस? अरे बापरे. म्हणजे आहार दहा मिनिटांत. बरं, भराभर.

एक, खोबरं सोडू नका, मोजा. आम्ही 240चं 90 केलं, दाटपणासाठी वाटणात भाजलेला कांदा वाढवला. दोन, प्रथिनं. व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे 1.6 ग्रॅमपर्यंत उपयोग होतो. एका अंड्यात सहा ग्रॅम, काटे-डोकं सोडून शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीस-वीस, वाटीभर शिजलेल्या अळसांद्यांत, म्हणजे चवळीसारख्या कडधान्यात, दहाबारा. बंदीत मी अंडी आणि अळसांद्यांवर काढली. तीन, उकड्या तांदळाचं शीत, म्हणजे भात, चालतं, पण वाढायचा डाव एकदाच फिरवायचा. चार, दिवसाला चारपाचशे कॅलरी कमी, त्याहून नाही. उपाशी पोटी या उड्या मारल्या तर जिन्यात बसाल, मी बसलोय. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, छातीत किंवा गुडघ्यात काही असेल, तर आधी डॉक्टर, मग शॉन टी. पाच, रोज काट्यावर उभं राहू नका. त्या कार्यक्रमात दर दोनेक आठवड्यांनी आठ व्यायामांची चाचणी असते, प्रत्येकी एक मिनिट, आकडे वहीत लिहायचे. मला पहिल्या दिवशी पुश-अप जॅक सात जमले, शेवटी एकोणीस. कंबर 102ची 96. वजन 81.6. जाहिरातीतल्यासारखं पोट दिसतंय का? नाही दिसत. शर्ट वर करणार नाही, बायका बसल्यात.

आणि झोप. झोपेवर दहा मिनिटं बोलणार होतो, टिपण खिशातच राहिलं.

प्रश्न? मागे कोण? "पोई, तो गोल पाव, चालते का?" चालते, कोंड्याची, एक. दुसरी घेतलीत तर रस ऑम्लेट उद्या. आणखी? "आता उड्या कुठे मारता?" खाली, माईंच्या घरात. खरंच. त्यांच्या खाली कोणी राहत नाही, दुकानाचं गोदाम आहे. त्या खुर्चीवर बसून माझे आकडे मोजतात आणि दोन कमी सांगतात. काटा मात्र त्यांनी परत मागितलाय, चवथ आली, नेवऱ्या मोजायच्यात.

तालमीवाले आत आले. उठताना आपापली खुर्ची भिंतीला लावा, तेवढाच व्यायाम.